खोकला किती दिवसांचा, ताई?

(सामुदायिक रेडिओवर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रसारित झालेलं भाषण. बोलणाऱ्या ताईंनी पालघर जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. आता त्या महिला बचत गटांबरोबर काम करतात.)



भात कापून झालं असेल, कुणाचं खळ्यावर असेल. बोईसरच्या चाळीत ऐकणाऱ्या मैत्रिणी डबा भरून, नळाचं पाणी भरून आत्ताच टेकल्या असतील. हातातलं काम सोडू नका. काम करता करता ऐका.

आज मी क्षयरोगाबद्दल, म्हणजे टीबीबद्दल बोलणार आहे. नाव ऐकून लगेच बटण फिरवू नका. घाबरवायला मी आले नाही, आणि औषधांची लांबलचक यादी वाचायलाही आले नाही. तुम्हाला तीन प्रश्न द्यायला आले आहे. हे तीन प्रश्न तुमच्या गटातल्या बाईने शेजारच्या घरी जाऊन विचारायचे. त्याला डॉक्टर असावं लागत नाही, लिहिता-वाचता आलंच पाहिजे असंही नाही.

आधी खोकल्याची गंमत सांगते. नोकरीत असताना मी समुद्रकाठापासून डोंगरापर्यंत फिरले. प्रत्येक गावाने खोकल्याला आपापलं कारण शोधून ठेवलेलं असतं. सातपाटीकडे विचारलं तर म्हणतात, "खारा वारा लागला." बोईसर-तारापूरला विचारलं तर, "कंपनीचा वास आहे, केमिकलचा खोकला आहे." जव्हार-मोखाड्याला गेलं तर, "चुलीचा धूर गं, दुसरं काय?" वीटभट्टीवर, "धूळ आहे." म्हाताऱ्या माणसाला, "बिडीचा खोकला." आणि कुठेच कारण सापडलं नाही तर, "कुणीतरी केलंय."

यातलं सगळंच खोटं नाही. धुराने खोकला येतो, धुळीने येतो, वासानेही येतो. पण टीबी याच कारणांच्या मागे लपून बसतो. आपण कारण सांगून मोकळे होतो आणि तो आत वाढत राहतो.

तर हा टीबी आहे तरी काय? तो एका जंतूने होतो. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू जगाला दाखवला, म्हणून २४ मार्चला क्षयरोग दिन पाळतात. म्हणजे हा शाप नाही, करणी नाही, आईकडून लेकीला येणारा घराण्याचा रोगही नाही. फुफ्फुसाचा टीबी झालेलं माणूस खोकतं, शिंकतं, तेव्हा जंतू हवेत जातात. बंद खोलीत शेजारी झोपणाऱ्याच्या श्वासातून ते त्याच्या आत जातात.

ताटातून, तांब्यातून, कपड्यांतून, हातात हात घेतल्याने टीबी होत नाही. सुनेचं ताट वेगळं काढून काहीच साधत नाही. खिडकी उघडली, खोकताना तोंडावर पदर किंवा रुमाल धरला, तर मात्र खूप काही साधतं.

जंतू आत गेला की माणूस लगेच आजारी पडतो, असंही नाही. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या शरीरात हा जंतू झोपलेला आहे. अशा शंभरांतल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. कुणाला होतो? ज्याचं अंग आतून कमजोर झालं त्याला. पोटभर अन्न नाही, दारू-तंबाखू फार आहे, साखरेचा आजार आहे, एचआयव्ही आहे, किंवा दगडखाणीची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली आहे, अशांना जास्त. जगात दर चार क्षयरुग्णांमागे एक आपल्या भारतातला आहे. औषध फुकट असताना ही गत आहे. ती का, हे कळण्यासाठीच हे तीन प्रश्न.

पहिला प्रश्न: खोकला किती दिवसांचा, ताई?

एवढंच विचारायचं. "तुला टीबी आहे का?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं तर माणूस दार लावून घेतं. किती दिवसांचा, ते विचारायचं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त असेल, तर कारण काहीही असो, धूर असो की कंपनी, थुंकी तपासायची. आठवडे मोजता येत नसतील तर बाजारावरून मोजा. मागच्या बाजाराला होता का? त्याच्या मागच्या बाजाराला होता का? दोन्हीला "हो" म्हणाली की तपासायला न्यायचं.

खोकल्याबरोबर आणखी काही विचारा. संध्याकाळी कणकण येते का? रात्री घाम येतो का? चोळी-ब्लाऊज सैल व्हायला लागलंय का? भूक मेली आहे का? थुंकीत रक्त दिसलं का? मानेला गाठ आली आहे का? टीबी फक्त छातीचा नसतो. मानेच्या गाठींचा असतो, मणक्याचा असतो, पोटाचा असतो.

आणि बायांनो, गर्भपिशवीचाही असतो. पिशवीच्या आणि नळ्यांच्या टीबीत खोकला नसतो, पण मूल राहत नाही. कितीतरी बाया वर्षानुवर्षं "वांझ" हा शब्द ऐकत राहतात आणि तपासणी मात्र कुणी करत नाही. मूल न राहण्याची कारणं पुष्कळ आहेत, त्यातली काही पुरुषाकडूनही असतात. पण हे एक कारण डॉक्टरांना विचारून घ्यावं, एवढं लक्षात ठेवा.

भारत सरकारने २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची मोठी पाहणी केली. टीबीची लक्षणं असलेल्या लोकांपैकी शंभरातले ६४ जण दवाखान्यात गेलेच नव्हते. बहुतेकांचं म्हणणं काय? एवढं काही वाटलं नाही. म्हणजे धूर, वारा, कंपनी. दुसरी गोष्टही त्याच पाहणीत दिसली. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले, त्यांतले शंभरातले सुमारे ४३ जण छातीचा फोटो काढला म्हणूनच सापडले. त्यांना मोठा त्रास जाणवत नव्हता. म्हणून हातात मावणारं एक्स-रे यंत्र घेऊन तपासणीचं पथक गावात आलं, की "मला काही होत नाही" म्हणून मागे राहू नका. घरात कुणाला टीबी झालेला असेल, साखर असेल, तर आधी जा.

थुंकी द्यायची कशी, तेही सांगते, कारण इथे फार गडबड होते. डबीत लाळ दिली तर जंतू असूनही सापडत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची. घराबाहेर, मोकळ्यावर, माणसांपासून लांब उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका डबीत काढायचा. झाकण घट्ट लावायचं. उपकेंद्रातली ताई किंवा आशाताई डबी पुढे पाठवते. हल्ली ट्रूनॅट नावाचं यंत्र पुष्कळ ठिकाणी आलं आहे. ते आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. काही तासांत ते जंतू आहे की नाही ते सांगतं, आणि त्याच नमुन्यावर पुढची तपासणी करून मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळतं.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, हे काम आशाताईचं." आहेच. पण आशाताई एक आणि पाडे दहा. एक पाडा ओढ्यापलीकडे, दुसरा टेकडीवर. आशाताई दुपारी जाते तेव्हा माणसं रानात असतात. शेजारीण मात्र रात्री त्याच भिंतीपलीकडे झोपलेली असते. कोण रात्रभर खोकतं, ते तिलाच ऐकू येतं.

इथे मला आपल्याच जिल्ह्यातल्या दोन बायांची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नव्हती. त्या बायांनी पोरांना नावं ठेवली नाहीत. पोरं येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, असं म्हणाल्या. अंगणात शाळा भरवली, ती अंगणवाडी. पोरं गुरं चारायला गेली तर त्यांच्या मागे कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. आज देशभर गावोगाव अंगणवाडी आहे, त्या शब्दाची मुळं आपल्या मातीत आहेत.

टीबीचंही तसंच आहे. दवाखाना आहे, यंत्र आहे, गोळ्या आहेत. पण माणूस तिथपर्यंत जात नाही. मग आपणच त्याच्या अंगणात जायचं. चहा घ्यायचा, भाताचं विचारायचं, आणि मग विचारायचं, खोकला किती दिवसांचा?

भगताकडे जाणाऱ्यांशी भांडू नका. त्यापेक्षा भगतालाच सांगा, "बाबा, दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला घेऊन कुणी आलं तर तुमचं करा, आणि त्याला थुंकी तपासायलाही पाठवा." काही भगत ऐकतात. मी ते पाहिलं आहे.

आता दुसरा प्रश्न. हा प्रश्न मला एका बाईच्या जिवाने शिकवला.

नोकरीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. एका पाड्यावरची बाई. नाव सांगत नाही, तिची पोरं आता मोठी झाली आहेत. वय तिशीचं, दोन लेकरं. श्रावणात तिचा टीबी सापडला. मीच थुंकीची डबी नेली होती. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, अंगावर मांस आलं. मला दिसली की हसायची. मी खूश. कार्डावर मी दर वेळी खूण करत होते.

वाघबारस झाली, दिवाळी झाली, आणि मुकादमाचा टेम्पो पाड्याखाली येऊन उभा राहिला. उचल आधीच घेतलेली होती. नवरा, ती, दोन लेकरं, भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं टेम्पोत. जव्हार-मोखाड्याकडे आपण त्याला काय म्हणतो? जगायला जाणे. ती जगायला गेली. मी पुढच्या फेरीला गेले तर दाराला काटी लावलेली. "भट्टीवर गेली," शेजारीण म्हणाली. कुठली भट्टी, ते तिला माहीत नव्हतं. भिवंडीकडे असेल, नाहीतर वसईकडे.

ती होळीला परत आली तेव्हा मी ओळखलंच नाही. हाडं राहिली होती. पुन्हा थुंकी तपासली, पुन्हा औषध सुरू केलं. पण उशीर झाला होता. पावसाळ्यात ती गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिची सासू म्हणाली, "ती बोलायची, ताईला विचारायचं राहिलं, भट्टीवर गोळ्या मिळतात का."

तिचं विचारायचं राहिलं, असं सासू म्हणाली. खरं तर विचारायचं माझं राहिलं होतं. गोळ्या देताना मी रोज बजावत होते, "एक दिवसही चुकवू नको." पण दिवाळीनंतर कुठे जाणार, हे एकदाही विचारलं नाही. मला माहीत होतं की अर्धा पाडा जगायला जातो. तेव्हा हाताशी संगणक नव्हता, पण कागद होता, पेन होतं. एक चिठ्ठी लिहून दिली असती तर भट्टीजवळच्या दवाखान्यात तिला गोळ्या मिळाल्या असत्या.

म्हणून दुसरा प्रश्न: दिवाळीनंतर कुठे जाणार?

टीबीचं साधं औषध सहा महिन्यांचं असतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन औषधं, रोज. दोन महिन्यांत माणसाला बरं वाटतं, पण जंतू सगळे मेलेले नसतात. थोडे, चिवट, दबा धरून बसलेले असतात. तेव्हा औषध सोडलं तर ते पुन्हा वाढतात. कधी कधी असे वाढतात की नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. मग वेगळं, जड औषध घ्यावं लागतं, तपासण्या वाढतात, त्रास वाढतो. आणि तेच हट्टी जंतू घरातल्या लेकरांना लागू शकतात.

आता हिशेब करा. भादव्यात औषध सुरू झालं तर ते माघापर्यंत चालतं. मधे दिवाळी येते. आपल्याकडे औषध सुटण्याची वेळ पंचांगात आधीच लिहिलेली आहे! ती माहीत असताना आपण गाफील का राहायचं?

काय करायचं ते नीट ऐका. टीबीचं औषध सुरू होताना प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. निक्षय ही सरकारची संगणकावरची नोंद आहे, देशभर एकच. तुमचं रेशनकार्ड आता दुसऱ्या गावातही चालतं ना? तसाच हा क्रमांक चालतो. पालघरची बाई भिवंडीला गेली, बोईसरचा कामगार बिहारला आपल्या गावी गेला, तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात क्रमांक दाखवला की औषध पुढे सुरू राहतं. पैसे लागत नाहीत.

जाण्याआधी चार गोष्टी करा. एक, निघायच्या आठ दिवस आधी आशाताईला किंवा उपकेंद्रात सांगा, "आम्ही अमुक ठिकाणी चाललो." दोन, प्रवासात आणि पहिल्या दिवसांत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. तीन, निक्षय क्रमांक उपचाराच्या कार्डावर लिहून घ्या, आणि त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कार्ड भिजतं, हरवतं, फोटो राहतो. चार, मुकादमाचा फोन नंबर आशाताईला देऊन ठेवा, म्हणजे ती तुम्हाला शोधू शकेल. आणि काहीच जमलं नाही तर १८००-११-६६६६ या निक्षयच्या फोनवर बोला. त्या फोनला पैसे पडत नाहीत. पुन्हा सांगते, लिहून घ्या: १८००-११-६६६६.

बोईसर-तारापूरच्या मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. तुमच्याकडे माणसं येतात तीही जगायलाच येतात. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून, आणि आपल्याच जव्हार-विक्रमगडमधूनही. एका खोलीत पाच-सहा जण, खिडकी एक, तीही डासांसाठी नाहीतर वासासाठी बंद. एकाला खोकला झाला तर तो सांगत नाही. का? काम जाईल. खोलीमालक खोली खाली करायला लावेल. मग तो मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणतो, महिना काढतो. तोवर सगळी खोली त्याच श्वासात श्वास घेत असते. औषध न घेतलेला एक रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण करू शकतो.

त्याला सांगा, औषध नीट सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ उतरतो. लपवण्यापेक्षा औषध सुरू करणं हेच खोलीतल्या सगळ्यांच्या हिताचं. आणि नवरा कारखान्यात असेल तर त्याच्या पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची वजावट होते का, ते बघा. होत असेल तर टीबीच्या आजारपणात नेहमीच्या ९१ दिवसांच्या पुढेही वाढीव आजारपण-भत्ता मिळू शकतो, पगाराच्या ८० टक्के दराने. त्याला नोकरीच्या आणि वजावटीच्या काळाच्या अटी आहेत, पण विचारायचा हक्क आहे. घाबरून गावी पळून जाण्याआधी विचारा.

औषध का सुटतं याची आणखी कारणं आहेत. गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारंगी होते. कितीतरी बाया घाबरतात, रक्त जातं म्हणतात. ते औषधाचा रंग आहे, काही होत नाही. मळमळ थोडी होते. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आपल्या मनाने औषध पुढे ढकलू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

एक गोष्ट खास बायांसाठी, जी कुणी सांगत नाही. टीबीच्या औषधाने पाळणा लांबवायच्या रोजच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. गोळी घेत असतानाही दिवस राहू शकतात. म्हणून टीबीचं औषध चालू असताना नर्सताईला विचारून तांबी किंवा निरोध असा दुसरा उपाय करा. आणि दिवस गेलेले असतील, मूल अंगावर पीत असेल, तरी टीबीचं औषध घ्यायचं असतं. डॉक्टरांना तसं आधी सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध देतील. लेकराला जन्मल्यावर बीसीजीची लस दिलीच पाहिजे. लहान मुलांमधल्या मेंदूच्या टीबीपासून ती चांगलं राखण करते.

आता तिसरा प्रश्न: घरात खाणारी तोंडं किती, आणि आज शिजवलं काय?

हा प्रश्न विचारताना लाज वाटते, मला माहीत आहे. पण टीबी आणि भूक या सख्ख्या बहिणी आहेत. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषण म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. कुपोषणाचं नाव लेकरांशी जोडलं जातं, पण त्या लेकराची आईही उपाशीच असते. ती शेवटी जेवते, उरलं तर जेवते. आणि आत झोपलेला जंतू अशाच अंगाची वाट बघत असतो.

झारखंडमध्ये, आपल्यासारख्याच आदिवासी मुलखात, सरकारी संशोधकांनी एक मोठा प्रयोग केला. त्याचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीच्या २८०० रुग्णांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसं त्यात होती. अर्ध्या घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला. उरलेल्या अर्ध्या घरांत रुग्णाला तर दिलाच, शिवाय घरातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. काय झालं असेल? ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फुफ्फुसाचा, पसरणारा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी झाला. जवळजवळ निम्मा! तांदूळ-डाळीने!

म्हणजे शेजारच्या टीबीच्या घरात तुम्ही मूठभर डाळ देता, ती दया नाही. ते रोगावरचं औषध आहे.

सरकारकडूनही मदत आहे. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. ते बँकेच्या खात्यात जमा होतात. खातं नसेल तर पैसे अडकतात. खातं काढून देणं, आधार जोडून देणं, हे काम बचत गटाइतकं चांगलं कोण करेल? अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी ७५० रुपयेही मिळतात. आणि २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कुणीही रुग्णाला महिन्याचा शिधा देऊ शकतं. कारखाना देऊ शकतो, पतसंस्था देऊ शकते, तुमचा गटही देऊ शकतो. बोईसर-तारापुरात एवढे कारखाने आहेत. ग्रामसभेत, कंपनीच्या माणसासमोर हा विषय काढायला कुणाची बंदी नाही.

घरी काय खायला घालायचं? महागडी पावडर नको. नाचणीची भाकरी, डाळ, उडीद, शेंगदाणे, अंडं, शेवग्याचा पाला, आणि आपलं सुकट-बोंबील. रुग्णाचं वजन दर महिन्याला करा. वजन वाढतंय म्हणजे औषध लागू पडतंय आणि अन्न पोहोचतंय. वाढत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि घरातल्या बाकीच्यांचं काय? त्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, तान्ह्या लेकरापासून म्हातारीपर्यंत. ज्यांना टीबी नाही असं दिसेल, त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध मिळतं. कुणाला सहा महिने रोज, कुणाला तीन महिने आठवड्यातून एकदा, डॉक्टर ठरवतील. "मला काही झालं नाही तर गोळ्या कशाला?" असं म्हणू नका. झोपलेला जंतू उठायच्या आधीच मारायचा, त्यासाठी त्या असतात.

आता गटाचं काम. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की दहा मिनिटं याला द्या. प्रत्येकीने पाच घरं वाटून घ्या. आपलं घर त्यात आधी धरा. तीन प्रश्न विचारा. खोकला किती दिवसांचा? दिवाळीनंतर कुठे जाणार? घरात शिजतं काय? दोन आठवड्यांवरचा खोकला सापडला तर त्या माणसाबरोबर स्वतः जा. नुसतं "दवाखान्यात जा" म्हणू नका, बरोबर जा. एकट्या बाईला दवाखान्याची पायरी उंच वाटते. दोघी असल्या की वाटत नाही.

आणि एक पथ्य पाळा. कुणाच्या घरी टीबी निघाला तर ते पाणवठ्यावर बोलायचं नाही. आशाताईला सांगायचं आणि गप्प राहायचं. लग्नाच्या पोरीचं तर नावच काढायचं नाही. सहा महिन्यांनी ती बरी होते, पण गावाची जीभ वर्षानुवर्षं बरी होत नाही. तुमच्या तोंडावर विश्वास बसला तरच पुढचं दार उघडेल.

टेम्पो यायला आता थोडेच दिवस राहिले आहेत. तुमच्या पाड्यावर, तुमच्या चाळीत कुणी गोळ्या घेत असेल, तर आज रात्री जेवणाआधी तिच्या दारात जा. दुसरा प्रश्न विचारा. तिचं कार्ड बघा, त्यावर क्रमांक आहे का बघा, फोटो काढून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते एकदा केलं नव्हतं.

जगायला जाणाऱ्या माझ्या सगळ्या बहिणींनो, भांडीकुंडी घ्याल, कोंबड्या घ्याल, लेकरांचे कपडे घ्याल. गोळ्या आणि कार्ड त्याच गाठोड्यात वर ठेवा. होळीला सगळ्या परत या. धडधाकट या. तारप्यावर नाचायला तुमची वाट बघणारे आहेत.